वाळुंजाचं माप

"काका, झाड कधी बारीक होतं का?" बाईंनी वही शिंप्यापुढे सरकवली. "मागच्या वर्षी सत्त्याण्णव, यंदा एक्याण्णव. एक नाही, एकतीसच्या एकतीस झाडं रोडावलीत. टेप नीट धरलीत ना?"

"चाळीस वर्षं गळ्यात टेप होती, बाई. झोपेतसुद्धा वाकडी धरायचो नाही."

बाई शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी नाल्याकाठच्या वाळुंजाच्या झाडांची मोजणी चालवत. मूळचं इथलंच झाड, पण वर्षागणिक कमी होत चाललेलं. शिंप्याची बायको सहा वर्षं या कामात होती. ती गेल्यावर तिच्या वाट्याची झाडं त्याने मागून घेतली. घर खायला उठायचं.

"काकू काठी नेत होत्या का हो?" बाईंनी विचारलं.

खोडाचं माप जमिनीपासून एकशे सदतीस सेंटीमीटरवर घ्यायचं. तेवढी काठी सगळ्यांना दिली होती. बायकोची दाराआडच होती, नवीकोरी. 'छातीएवढ्या उंचीवरच ना? मग काठी कशाला? छाती काय घरी ठेवून जाते मी?' म्हणायची. आणि होती केवढीशी! तेवढ्या खाली खोड जाडच असणार.

शिंप्याने सगळं खरं सांगितलं.

"मग त्यांचे आकडे काढून टाकावे लागतील," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सहाही वर्षांचे. कुठल्या उंचीवर घेतले, कोण सांगणार आता?"

"मी सांगतो. एकशे दहा."

"अंदाज नाही चालत, काका."

"अंदाज? जन्मभर तिचे कपडे कुणी शिवले?" तो थांबला. "नाही, एकशे आठ. चिखल लागायला नको म्हणून चपला काढून जायची."

बाई लगेच त्याच्याबरोबर निघाल्या. काठीला एकशे आठवर त्याने लाल दोरा बांधला. पहिल्या झाडाचं माप आलं अठ्ठ्याण्णव. दुसरंही तिच्या आकड्यापेक्षा सेंटीमीटरभरच जास्त, वर्षाच्या वाढीएवढं. दहाव्या झाडापाशी बाईंनी वहीत नवा रकाना आखला.

"बसतंय, काका. राहू द्या काकूंचे आकडे. पुढच्या वर्षी वरचं एकच माप घेतलंत तरी चालेल."

"दोन्ही घेईन."

बाई घरी परतल्या. उरलेल्या झाडांपाशी तो एकटाच गेला. दोऱ्याशी टेप धरायला गुडघे वाकवावे लागत. वाकला की त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येत. तिथून फांद्यांखालून पलीकडचा काठ दिसत होता. उभं राहिलं की दिसत नव्हता.

तो जरा वेळ तसाच राहिला. मग त्याने आकडा वाचला.