दोन ताटं, एकच पातेलं

मिशीवर पैज लावली ती वायरमननंच. भर दुपारी, सलूनच्या पायरीवर बसून, गल्लीतल्या शेवटच्या खिडकीलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

गल्लीत त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. फ्यूज तो जोडायचा लोकांच्या घरचे आणि उडवायचा लोकांच्या डोक्याचे.

"डोळ्यांवर पट्टी बांधा," तो म्हणाला, "एकालाही कळणार नाही, कुठला चिकन विंग दादांच्या हातचा नि कुठला वहिनींच्या हातचा. कळला, तर ही मिशी तुझी."

सलूनवाल्यानं वस्तरा पुसत विचारलं, "दादा जाऊन तीन महिने झाले. त्यांच्या हातचे विंग्ज आणणार कुठून? वरून पार्सल मागवणार?"

"फ्रीझरच्या तळाशी एक पाकीट निघालंय. दादांनी स्वतः मसाला लावून ठेवलेलं."

सलूनवाल्याचा हात थांबला. "सगळेच्या सगळे ओळखतील, फ्यूज. लाव पैज. हरलो तर मी डोक्याचा गोटा करतो, भर रस्त्यात."

टाळी वाजली. पाकीट-बिकीट काही नव्हतं, ही सगळी फ्यूजची थाप. दोन्ही ताटांत वहिनींचेच विंग्ज, एकाच पातेल्यातले. निम्मे लोक इकडे बोट दाखवतील, निम्मे तिकडे, आणि मग फ्यूज सगळ्यांची तोंडं बघत थाप फोडणार. हरण्याची सोयच नव्हती.

पण मस्करीच्या पोटात काळजी होती. दादांचं विंग्जचं दुकान आता वहिनी एकट्या चालवायच्या, आणि गिऱ्हाईक त्यांना जगू देत नव्हतं. भाजीवाल्या मावशींना सॉस असा हवा की कोपरापर्यंत ओघळला पाहिजे. नर्सबाईंना कुरकुरीत, सॉस वेगळ्या वाटीत. टॅक्सीवाल्याला टोकं काळी पडेपर्यंत तळलेली. हे सगळं वहिनी निमूट करायच्या. पण खाऊन झालं की प्रत्येक जण बोटं चाटत एकच बोलायचा, "छान आहेत हो, पण दादांची सर नाही." आता जागेच्या मालकाला किल्ली परत देऊन बहिणीकडे निघून जायचं, इथपर्यंत त्या आल्या होत्या. गल्लीला एकदा उघडं पाडलं की त्यांचा धीर परत येईल, असा फ्यूजचा हिशोब.

वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "मी तळत असले ना, की पाठीमागे कुणीतरी उभं असतं. घाई करतं. मग माझे हात गार पडतात."

"भट्टीसमोर हात गार? वहिनी, तुम्हाला झोपेची गरज आहे," फ्यूज म्हणाला, पण तो बाहेर आला तेव्हा उन्हात असूनही त्यानं दंड चोळले.

रविवारी दुकानासमोर टेबल मांडलं. वहिनींनी एकाच पातेल्यातले तुकडे एकाच तेलात तळले, निम्मे या ताटात, निम्मे त्या ताटात. फ्यूजनं स्वतः बघितलं. मग वहिनी हात धुवायला गेल्या, फ्यूज टेबल सरळ करायला बाहेर आला, आणि ताटं तेवढा वेळ आत एकटी राहिली.

पहिली पट्टी नर्सबाईंच्या डोळ्यांवर, सलूनच्या टॉवेलची. त्यांनी डाव्या ताटातला चपटा तुकडा खाल्ला. "वहिनींचा." उजव्या ताटातला उचलला, बारीक हाडाला जरा ओढ दिली, आणि ते हाड लोण्यातून सुरी निघावी तसं सुळकन बाहेर आलं. नर्सबाईंचा चेहरा पट्टीखालीच बदलला.

ही दादांची खूण होती. मसाला लावण्याआधी ते आतलं हाड पिरगाळून मोकळं करायचे. कसं, ते कुणाला दाखवायचे नाहीत, अगदी बायकोलासुद्धा.

टॅक्सीवाल्याच्या वेळी फ्यूजनं गुपचूप ताटांची अदलाबदल केली. टॅक्सीवाल्यानं बरोबर तेच ताट ओळखलं. मावशींनी तर घासच गिळला नाही. तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "अरे, हा माणूस आत्ता इथून उठून गेलाय रे!"

फ्यूजनं स्वतः दोन्ही ताटांतले तुकडे उचलले. एकाचं हाड दातांनी ओढावं लागलं. दुसऱ्याचं आपसूक बोटांत आलं. कोमट होतं ते, पण त्याच्या मानेवर काटा आला.

तो आत गेला. "वहिनी, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही." त्यांचे ओले हात तसेच हवेत होते. "तुमच्यासमोर तळले."

"मग ते..."

"मी सांगत होते ना तुम्हाला." वहिनींनी खिळ्यावरचं दुकानाचं कुलूप काढलं. "मी इथली कुणी नाही भावजी. इथलं एक भांडं आहे नुसतं. उद्या किल्ली देऊन टाकते."

बाहेर सलूनवाला ओरडत होता, "मिशी! मिशी!" खरं बोललं की पैज रद्द, मिशी शाबूत. फ्यूजनं तोंड उघडलंही. वहिनींनी मान हलवली. दोन्ही ताटं वहिनींचीच होती, हे गल्लीला कळलं असतं तर उद्यापासून या दुकानासमोरून कुणी पोरबाळ गेलं नसतं. फ्यूजनं तोंड मिटलं.

"हरलो!" बाहेर येऊन तो म्हणाला. "आण तुझी खुर्ची. आणि वस्तरा धारेचा आण, मेल्या, ओठ मला लागतो."

खुर्ची रस्त्याच्या मधोमध आली. लोक खिडक्यांत लटकले. फेस लागला. सलूनवाल्यानं डावी बाजू सपाट केली आणि टाळ्या पडल्या. वहिनी दाराशी उभ्या होत्या, कुलूप हातात.

तेवढ्यात आतून चर्र आवाज आला. पाठोपाठ वास. गरम तेलात काहीतरी पडल्याचा.

"वहिनी, गॅस चालू राहिला वाटतं," टॅक्सीवाला म्हणाला.

गॅस बंद केलेला फ्यूजनं पाहिला होता. आत कुणी नव्हतं. चिमटा कढईच्या काठावर टक् टक् वाजला, दादा निथळायला वाजवायचे तसा. टाळ्या आपोआप थांबल्या. सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला.

वहिनींनी कुलूप पायरीवर टाकलं आणि आत गेल्या.

"व्हा बाजूला!" त्यांचा असा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. "तीस वर्षं तुमच्या पद्धतीनं केलं. आता कढई माझी, गिऱ्हाईकही माझं. रागवायचं तर रागवा, पण त्या कोपऱ्यात उभं राहून."

काहीतरी खाली पडलं. मग नुसता तेलाचा आवाज, संथ.

बऱ्याच वेळानं वहिनी ताट घेऊन आल्या. सॉसचा थेंब नाही. वर भरड मिरी, लिंबू पिळलेलं. मावशींनी भीतभीत एक उचलला.

"हाड अडकतंय गं."

"अडकू दे. दात आहेत ना?" वहिनी म्हणाल्या. त्यांचे हात तापून लालबुंद झाले होते.

मावशी चावत राहिल्या. मग न विचारता दुसरा उचलला. नर्सबाईंनी हात पुढे केला. आतल्या कोपऱ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

"माझं काय?" अर्ध्या मिशीचा फ्यूज खुर्चीतून ओरडला. "मलाही एक द्या!"

"तोंड बंद ठेव, कापेल," सलूनवाला म्हणाला. त्यानं फ्यूजचं नाक दोन बोटांत धरून वर केलं आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, मिशीची उजवी बाजूही उतरवली.