बारावा मजला, अठ्ठावीस कोटी

आईनं घर विकलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या सोसायटीत चारशे घरं आहेत आणि चारशेच्या चारशे घरांना उलटं माहीत होतं.

सरकारी साइटवर कुठलं घर कितीला गेलं ते कुणालाही दिसतं. महिना, मजला, किंमत. मालकाचं नाव नसतं. इमारत कुठली, तेही घर नव्या मालकाच्या नावावर चढेपर्यंत येत नाही. आमच्या चोंगजू शहरातल्या बायका सकाळी उठून हवामान बघत नाहीत, हे बघतात.

एप्रिलमध्ये नोंद आली. बारावा मजला, अठ्ठावीस कोटी वॉन. बाकी सगळी छत्तीसला जात होती. त्याखाली कुणी विकायचं नाही, असा महिला मंडळाचा कागद लिफ्टमध्ये चिकटवलेला. असला कागद लावणंच बेकायदेशीर आहे, पण फाडणार कोण?

आम्ही १०१ नंबरच्या इमारतीत राहतो. बाराव्या मजल्यावर. बाबा गेल्यापासून घर मोठं पडतं, म्हणून आईनं एकदा एजंटला बोलावून नुसतं विचारलं होतं. त्याला बाहेर पडताना कुणीतरी पाहिलं. झालं, खटला संपला.

आईचं गेटजवळ तोंडीलावण्यांचं दुकान आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'बाराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय दिला.' नाव नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक बंद. बायका दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडे बघायच्या. पलीकडे भिंत आहे. मुळ्याची किमची आंबून गेली. संध्याकाळी आई ट्रे घरी आणायची आणि आम्ही तेच खायचो.

"सांग ना त्यांना, विकलं नाही म्हणून."

"सांगितलं. ओकबाई म्हणाली, हान-ग्योलची आई, विकणारे असंच म्हणतात."

हान-ग्योल म्हणजे मी. ओक जोंग-सुक म्हणजे मंडळाची अध्यक्ष. तो मेसेज तिचाच.

माझं डोकं फिरलं. साइट परत नीट बघितली. त्या नोंदीपुढे 'थेट व्यवहार' लिहिलेलं. म्हणजे मध्ये एजंटच नाही! मग आमच्याकडे आलेल्या एजंटचा संबंध काय? मी हे ग्रुपवर टाकलं. मला ग्रुपमधून काढलं.

मग मी रोज ती नोंद उघडून बघायला लागलो. जेवताना, बसमध्ये, संडासात. दुकानाचं भाडं थकलं. मालकानं आईला सांगितलं, या महिन्यात जमत नसेल तर गाळा सोडा.

मे संपता संपता इमारतीचा नंबर आला. १०३.

१०३ मध्ये बाराव्या मजल्यावर दोनच घरं. एकात ओकबाई. थोडी फी भरली की घराचा उतारा कुणालाही मिळतो. मी काढला. नवा मालक: बाईंचा मुलगा स्युंग-मो.

मी तसाच मंडळाच्या मीटिंगमध्ये घुसलो आणि उतारा टेबलावर आपटला.

"बघा! पोटावर पाय कुणी दिला ते बघा."

ओकबाईंनी चष्मा लावला, वाचला, काढला. "हे घरातलं आहे, पोरा. मुलाला दिलं. त्याला विकणं म्हणतात का?"

"साइटवर विकणंच म्हणतात. माझ्या आईला तुम्ही दोन महिने..."

"आवाज खाली. मोठी माणसं बसलीत."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, चुकलं आमचं. मग एक बाई पुढे सरकून म्हणाली, "ताई, पण इतकं खाली चालतं? टॅक्सवाले विचारत नाहीत?"

"भावाच्या तीस टक्के खालपर्यंत काही बोलत नाहीत गं."

खुर्च्या सरकल्या. सगळ्या तिच्याभोवती गोळा. एकीनं तर माझाच उतारा उलटा करून मागच्या बाजूला आकडेमोड सुरू केली. मी उभा, गाढवासारखा.

दुसऱ्या दिवशी ओकबाई दुकानात हजर. रिकामा डबा पुढे केला.

"अर्धा किलो मुळ्याची दे गं. पोरगा तापट आहे हं तुझा! बापावर गेलाय."

"हो ना," आई म्हणाली. डबा भरला आणि वर मूठभर जास्त घातली. मी मागे उभा राहून दात खात होतो. मग एकेक करत सगळ्याच आल्या. "बऱ्याच दिवसांत यायला झालं नाही बघ!" दिवेलागणीला ट्रे रिकामे.

"वर मूठभर कशाला घातलीस तिला?" मी ओरडलो.

आई ट्रे घासत होती. घासणी थांबली नाही. "एजंटला फोन लाव. घर विकायला काढायचंय."

"आता? आता तर सगळं मिटलं."

"मिटलं? यांच्यापुढे उद्या परत हसू का मी? परवा परत? जन्मभर?"

"...किती सांगू?"

"सत्तावीस."

"आई, नऊ कोटी जातील! माझा तीन वर्षांचा पगार आहे तो."

"माझं घर आहे. लाव फोन."

मी लावला. एजंटनं दोनदा विचारलं, आकडा चुकला का? आईनं ओल्या हातानं फोन ओढून घेतला.

"चुकला नाही. आणि इमारतीचा नंबर लवकर येईल असं बघा. यावेळी कुणा दुसरीवर आळ नको."