पाहुण्याचे सात कोट

"आधी आवाज खाली कर. आणि ती खिडकी लाव," आई म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगला ऐकवायचंय का?"

"ऐकू दे की! तू काय करतेयस ते दिसतंय मला."

"मी निस्तरतेय. तोंड तू उघडलंस, निस्तरतेय मी."

"खोडरबर घेऊन मास्टरांना बुडवतेयस आणि म्हणे निस्तरतेय!"

तिने वर बघितलंसुद्धा नाही. लाल कागदावरची पेन्सिल खोडायची म्हणजे हात हलका लागतो, एकाच दिशेने फिरवावा लागतो, नाहीतर कागदाचा रंग उडतो. आईला हे जमतं. तिने फुंकर मारली, पान उजेडात तिरकं धरून बघितलं, परत खोडायला लागली. एक वाजून गेला होता. दोन वाजता कंपनीची गाडी स्क्रिप्टची ही कॉपी परत न्यायला येणार होती. त्याआधी त्या पानावरचा तिच्या हातचा 'सात' जायला हवा होता.

नीट सांगतो. माझी आई 'पाहुणा'च्या सिनेमांत कंटिन्युइटी बघते. एका शॉटमध्ये कप डाव्या हातात आणि पुढच्या शॉटमध्ये उजव्या हातात दिसला तर बोंब मारणारी बाई म्हणजे माझी आई. पाहुण्याच्या कुठल्या भुवईवर जखम आहे, कुठल्या सिनेमापासून आहे, हे दिग्दर्शकसुद्धा तिलाच विचारतो.

पाहुणा म्हणजे तो हेर, न बोलावता लोकांच्या घरी जाणारा. चाळीस वर्षं चाललंय त्याचं. नट पाच झाले, कोट शिवणारा एकच, आमचे मास्टर. पहिल्या पाहुण्याला अख्ख्या सिनेमात एक कोट पुरायचा. गोळ्या चालायच्या, भिंती पडायच्या, हा आपला धूळ झटकून शत्रूकडे चहा पिऊन यायचा. दुसरा विनोदी होता, त्याच्या कोटाला बावीस चोरखिसे, एकातून तर शिडी निघायची. तिसऱ्याचा कोट नुसता गाडीतून फडफडायचा. चौथ्यापासून रक्त आलं. तेव्हापासून मास्टरांना एकच कोट दहादा शिवावा लागायला लागला. एक नवा, एक बाही फाटलेला, एक रक्ताने भिजलेला, एक जळका. मारामारी पुढे सरकते तसे कोट बदलतात, आणि बघणाऱ्याला वाटतं एकच आहे.

आणि आताचा पाचवा कुणाच्या घरी जातच नाही. खोलीत बसून लोकांचे फोन बघतो, कोण कुणाशी काय बोललं ते ऐकतो. मला तो कधीच आवडला नाही. हसत नाही मेला.

कंपनीही तशीच होत गेली. आई सांगते, पूर्वी स्क्रिप्ट कँटीनच्या टेबलावर पडलेली असायची, तिच्यावर लोक भजी ठेवायचे. आता गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात. लाल कागदावर छापतात, म्हणजे झेरॉक्स काळी येते. या वेळी तर बाराच कॉपी काढल्या, कारण या सिनेमात पाहुणा मरणार आहे. शेवटी तो जिन्याने वर चढत जातो, प्रत्येक मजल्यावर मारामारी, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर संपतो.

आईच्या कॉपीत चार मजले छापले होते. एकदा ती मास्टरांच्या खोलीत गेली, तर तिथे ओळीने सात कोट टांगलेले. पहिला कोरा, सातव्याच्या नुसत्या चिंध्या.

"सात कशाला, मास्टर?" तिने विचारलं.

"सात मजले, सात कोट. हे बघा, माझ्या कॉपीत छापलंय."

आईला वाटलं, आपल्याच कॉपीत छपाईची चूक आहे. कोट तर शिवून झालेत. सवयीप्रमाणे तिने तिथेच उभ्या उभ्या आपला 'चार' पेन्सिलीने खोडला आणि वर 'सात' लिहिला. वर्षानुवर्षं ती हेच करत आलीय. दोन गोष्टी जुळत नसल्या की जुळवून टाकायच्या.

आता माझं. कॉपी कपाटात कुलूप लावून होती आणि किल्ली साखरेच्या डब्यामागे. शाळा सोडली म्हणून काही मी आंधळा झालो नाही. मी अख्खी वाचली. गेल्या शुक्रवारी पाहुण्याच्या ग्रुपवर, चाळीस हजार लोक आहेत तिथे, स्वतःला प्रोफेसर म्हणवणारा एकजण अक्कल पाजळत होता की पाहुण्याला विष देणार. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बाळा, दूध पी आणि झोप." माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "विष नाही रे शहाण्या, जिना. सातव्या मजल्यावर मरतो." चार मिनिटांत पुसलं. चार मिनिटं फार झाली.

काल कंपनीने सगळ्यांना एका खोलीत बसवलं. कंपनीचा तो हळू बोलणारा माणूस आहे, कायम नुकताच झोपेतून उठल्यासारखा. तो म्हणाला, "बारा कॉपींत मजले वेगवेगळे छापले होते. कुणाकडे तीन, कुणाकडे नऊ. खरा आकडा फक्त दिग्दर्शकांना माहीत. सात एकाच कॉपीत होता." आणि मास्टरांकडे बघून हसला.

म्हणजे ते सात कोट उगाच शिवले होते. म्हाताऱ्याने महिनाभर डोळे फोडून चिंध्यासुद्धा हाताने केल्या, आणि यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ते वापरायचेच नाहीत.

आई घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून मीच सगळं ओकलो. तिने कानाखाली मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी सायकल काढून मास्टरांकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांच्या दारासमोर करड्या रंगाची गाडी उभी, आत दोघं बसलेले, काही करत नव्हते. मास्टर मशीनवर बसले होते आणि मशीनवर कापड नव्हतं. पाचही पाहुण्यांच्या मापांच्या वह्या कंपनीने उचलून नेल्या होत्या. भिंतीवर फक्त खिळे राहिले होते.

"ये रे, भडक्या," ते म्हणाले. लहानपणापासून हेच म्हणतात. "आईने पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"चार वाजता सही करायला बोलावलंय. मीच बाहेर फोडलं म्हणून. सही केली की पुन्हा कुठल्याही स्टुडिओच्या गेटातून आत घेणार नाहीत. केस करायची की नाही ते नंतर ठरवणार म्हणे."

"मग सही करू नका!"

"ओरडू नकोस, बाहेर कान लावून बसलेत." ते खिडकीतून गाडीकडे बघत राहिले. "तो सात कुठून कुठे गेला हे मला आणि तुझ्या आईलाच माहितीये. माझ्यासमोर लिहिलाय तिने. पण मी ते बोललो नाही. तुझा बाप निघून गेला तेव्हा या कामावर मीच तिला लावलं, आता मीच कसं काढू? फक्त एक सांग मला. तिने बाहेर का सांगितलं रे? तशी नाही ती."

आईने! त्यांना वाटत होतं आईने फोडलं. मी तोंड उघडलं. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, सगळे म्हणतात, आणि तिथे भलतंच बाहेर पडलं. "पाणी देऊ का?" असं काहीतरी बोललो आणि सायकल मारत परत आलो. ती गाडी कोपऱ्यापर्यंत माझ्या मागे आली आणि वळली.

तर घरी आलो तेव्हा आई खोडत होती, आणि भांडण सुरू झालं.

"मास्टरांना वाटतंय तू फोडलंस," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, तशी नाही ती."

तिने खोडरबर खाली ठेवला. मग खोडरबरचा चुरा तळहातावर गोळा करत म्हणाली, "वाटू दे. त्यांची दोन वर्षं राहिलीत कामाची. माझी वीस राहिलीत. आणि तुझं तर सगळंच राहिलंय. काल तो माणूस निघताना मला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मुलगा घरीच असतो ना तुमचा? हल्ली काय करतो?"

मी जाऊन खिडकी लावली.

"म्हणून सांगते, गप्प बस. एकदा तरी आयुष्यात गप्प बस."

तेवढ्यात बेल वाजली. दोन वाजायला वीस मिनिटं होती.

ड्रायव्हर नव्हता. तोच होता, हळू बोलणारा. चपला बाहेर काढून आत आला, कॉपी घेतली, नेमकं तेच पान उघडलं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. बोट फिरवलं त्याच्यावरून.

"छान स्वच्छ ठेवलीय, मॅडम," तो म्हणाला. "मास्टर चारला सही करतायत. मग हा विषय संपला."

आईने माझं मनगट धरलं होतं. नखं रुतली तरी सोडत नव्हती. तो दाराकडे वळला, चपलेत पाय घालायला लागला.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "ग्रुपवर मी लिहिलं. मास्टरांनी नाही, आईने नाही. मी चोरून वाचलं."

मला वाटलं तो दचकेल. त्याने दुसरी चप्पल घातली.

"हो," तो म्हणाला. "शुक्रवारी रात्रीच कळलं आम्हाला. कुठला फोन, कुठलं घर."

"मग मास्टरांना का..."

"बघत होतो. कोण कुणासाठी गप्प बसतं ते बघायचं होतं. पुढच्या सिनेमाला कुणाला घ्यायचं, ते कळायला बरं पडतं." त्याने आईकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या चुऱ्याकडे. "चल. शर्ट बदल हवं तर. फोन घे बरोबर."

"मी येते," आई म्हणाली.

"तुम्ही नको, मॅडम. तुम्हाला उद्या बोलावू."

"मास्टरांना सोडाल ना?" मी विचारलं. "आता सही नाही ना करायची त्यांना?"

"ते गाडीत बोलू."

आतल्या खोलीत शर्ट बदलतोय. बटणं लागत नाहीयेत. आई समोर उभी आहे, नुसती माझी कॉलर सरळ करतेय. चारच्या आत तिथे पोचायचं, मास्टरांनी पेन उचलायच्या आधी त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, एवढंच डोक्यात आहे. जिन्यावरून तो हाक मारतोय, हळूच, माझ्या नावाने, जे मी त्याला सांगितलेलं नाही. मला आता निघायला हवं.