चुलीत टाकलेलं मीठ

सत्तावन्न सालच्या दसऱ्याला माय, म्हणजे जिजाबाई, अंथरुणाला खिळली, आणि बाबांनी घरात हुकूम काढला: गुलाबला कळवायचं नाही. माझा थोरला भाऊ गुलाबराव तेव्हा विलायतेत एका प्रयोगशाळेत होता. तिथे सूर्यासारखी आग पेटवायची खटपट चालली होती. आमचे बाबा, रंगराव, वाशीमच्या बाजारात मळ्यातली वांगी विकता विकता गिऱ्हाइकाला सांगत, "आमचा पोरगा सूर्य तयार करून राह्यला." गिऱ्हाईक हसे, आणि बाबा खुशीत त्याला वर मूठभर कोथिंबीर देत.

माय रोज विचारायची, "गुलाब कवा येते?" मी तार करायला निघाले की बाबा दारात आडवे.

"सीते, एवढं मोठं काम सोडून त्यानं कायले यावं? तुही माय बरी होते."

मी नुसती चरफडायची. पौषात माय गेली. पाठोपाठ पेपरात आलं, विलायतेत ती आग बहुतेक साधली. बाबा मळ्यात बसून रडले. "पाह्य, याच्यासाठीच त्याले बोलावलं नव्हतं," म्हणाले.

उन्हाळ्यात दुसरी बातमी आली: तो दावा मागे घेतला होता. मग दादाच घरी आला.

बाबांनी त्याला चुलीपाशी गाठलं. "तुहं काम काय होतं रे तिथं?"

दादाने चिमूटभर मीठ चुलीत टाकलं. ज्वाळेची कड पिवळीधमक झाली. "हा रंग मिठाचा हाये, बाबा. तिथं एका नळीत वायू तापवतात. नळीच्या भिंतीतून कचरा सुटते, आगीच्या काठाशी असाच उजेड देते. तो उजेड मी मोजत होतो. त्याच्यावरून आग किती तापली ते काढतात."

"म्हंजे तू सूर्य नाही, कचरा मोजत होता."

"हो."

एरवी यावर आमच्या घरात दोन दिवस हसणं चाललं असतं.

"मंग चुकलं कुठं?"

"तो उजेड काचेतून फोडला का त्याच्या रेघा दिसतात; आग जेवढी तापली, तेवढ्या त्या रुंद. आमच्या रेघा रुंद दिसत. तिथला मोठा साहेब म्हणे, आग लय तापली. मले वाटे, वायू नुसता ढवळून राह्यला, म्हणून रेघा रुंद दिसतात."

"हे तुले कवा वाटलं?"

दादा घुटमळला. "दिवाळीत. साहेबानं ऐकलं नाही. मले रजा भेटत होती, घरी यावं वाटत होतं. पण माहंच चुकलं असंन म्हणून पुन्हा पुन्हा मोजत राह्यलो. मले काय मालूम, माय..."

"दिवाळीत उठून बसत होती ते," बाबा म्हणाले. "तुह्या वाटचे अनरसे झाकून ठेवले होते तिनं. तार केली असती तं आला असता?"

"पहिल्या बोटीनं."

मला बाबांचा राग आला, आजही येतो. पण तेव्हा त्यांचं तोंड बघवेना, म्हणून मी पाणी आणायचं निमित्त करून उठले.

दुसऱ्या दिवशी मीही बाजारात होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाने हसत विचारलं, "काय रंगराव, सूर्य झाला का तयार? पोरगा आला म्हणतात."

बाबांनी मान वर न करता वांगी तोलली.

"आला," ते म्हणाले. "मायले भेटाले आला."