भिंतीलगतचा ढीग

शेजारच्या ओलेनाबाईंच्या घरात विषारी वायूचा अलार्म वाजला, तसं मी त्यांना हाताला धरून सास्काटूनच्या उणे तीसच्या थंडीत बाहेर आणलं. त्यांच्याकडे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी बसवणारा डार्सी येताच मी त्याच्यावर भडकलो.

"हीच का रे तुझी नवीकोरी भट्टी? म्हातारीचा जीव गेला असता!"

त्याने भिंतीलगतचा बर्फाचा ढीग उपसला. आत भट्टीला हवा देणारा आणि तिचा धूर सोडणारा, असे दोन्ही पाइप गाडले गेले होते.

"कुठल्या गाढवाने इथे बर्फ लोटला?" डार्सी वैतागला.

"शिव्या नको देऊस रे," ओलेनाबाई कुडकुडत म्हणाल्या. "कुणी देवमाणूस रोज मी उठायच्या आत माझी वाट साफ करून जातो. नावसुद्धा सांगत नाही."

मी आजही माझं नाव सांगितलं नाही.