बाळाच्या गोधडीतला घास

“टाका बारीक घे गं. आन मधलं पोट येवड्यात बंद करू नगं. तिला आदी घास भरव.”

मित्रांनो, मी जगात आले तेव्हा माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. गोधडीला कान असतात का, असं तुम्ही विचाराल. असतात. ज्या कापडावर माणसं झोपतात, आजारपण काढतात, तोंड खुपसून रडतात, त्याला कान फुटल्यावाचून कसे राहतील?

मी कोळवण खोऱ्यातल्या एका वस्तीवरची जुनी गोधडी आहे. मला शिवलं गोजराबाईंनी. शेजारी बसून त्यांची नवी सून वैशाली टाके शिकत होती. माझ्या एका अंगाला गोजराबाईंच्या आईचं हिरवं लुगडं आहे, दुसऱ्या अंगाला वैशालीच्या माहेरची फिकट साडी. आणि वैशालीचा नवरा रत्नदीप शाळेत घालायचा ते सदरे माझ्या आत आहेत.

गोधडी शिवतात ती कडेकडेनं, गोल फिरत आत आत येत. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते. तिला पोट म्हणतात. ते बंद करण्याआधी गोजराबाई आत चिमूटभर तांदूळ ठेवायच्या. उपाशी गोधडीला ऊब कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. घरात रोज सकाळी वंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं, आणि रत्नदीप आईला हमखास चिडवायचा, “आई, ही तुजी अंधश्रद्धा हाय बरं का.”

“आंधळी आसंल, पर उपाशी न्हाई,” गोजराबाई सुईत दोरा ओवत म्हणायच्या.

माझे चांगले दिवस पुष्कळ वर्षं टिकले. मग घरात बाजारची मऊ, फुलाफुलांची ब्लँकेटं आली. मी आधी खाटेवरून पेटीवर गेले, पेटीवरून माळ्यावर, आणि एका पावसाळ्यात तर रत्नदीपनं मला तो चालवायचा त्या प्रवासी जीपच्या फाटक्या सीटवर टाकलं. प्रवासी माझ्यावर बसत, पान खात. मी कुणाला काय सांगणार?

मला तिथून काढलं वैशालीनं. हिंजवडीच्या एका कंपनीत ती साफसफाईचं काम करायची. कंत्राट संपलं आणि ती घरी बसली. एके दिवशी तिनं मला ओढ्यावर नेऊन धुतलं, भाताच्या खाचराकडेच्या कुंपणावर वाळत घातलं आणि मोबाइलवर माझा फोटो काढला. तो फोटो पाहून कुणीतरी विचारलं, विकायची आहे का? वैशालीनं मला विकलं नाही. पण तिच्या डोक्यात दुकान सुरू झालं.

दुकानाला ना दार होतं ना फळी. ते मोबाइलच्या एका अ‍ॅपमध्ये होतं. नाव ठेवलं ‘गोजरा’. वैशालीनं लिहिलं, तुमच्या घरातल्या जुन्या साड्या आम्हाला पाठवा, आम्ही त्यांची गोधडी करून तुम्हाला परत पाठवू. लोकांच्या मनात हे असं काही भरलं, की कुरिअरवाला रोज आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसू लागला. पुडकं फोडलं की गोजराबाई साडी नाकाला लावत आणि म्हणत, “ही बाई चुलीपाशीच ऱ्हायली बघ जलमभर.” शेजारची दीपमाला भातलावणीची मजुरी सोडून ओट्यावर येऊन बसली. तिच्यामागे आणखी बायका आल्या. मला मध्ये अंथरायचं आणि माझ्याकडं बघून टाके घालायचे, अशी रीतच पडली. बायका मला ‘मास्तरीण’ म्हणायच्या. मित्रांनो, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

आणि मग शहराजवळच्या भुकूमहून ते पुडकं आलं.

तिथल्या नव्या सोसायटीत जान्हवी नावाची बाई राहत होती. तिला मुलगी झाली होती. तिची आई मात्र नातीचं तोंड बघायच्या आधीच गेली. आईच्या साड्या तिनं आमच्याकडे पाठवल्या, बाळासाठी गोधडी करा म्हणून. वैशालीनं हे वाचून दाखवलं तेव्हा गोजराबाईंनी पदरानं डोळे टिपले. त्या गोधडीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळी स्वतः शिवली, माझ्यावरच पसरून.

पोट बंद करायची वेळ आली. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. गोजराबाईंनी मुठीत तांदूळ घेतले, जरा थांबल्या आणि ते परत डब्यात टाकले. आत जाऊन त्यांनी गुळाच्या पोळीचा तुकडा आणला.

“आजी न्हाई लेकराला,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “गोड घास कोन देनार?”

तो तुकडा त्यांनी आत ठेवला, वर ठिगळ लावलं आणि चारी बाजूंनी टाके घातले. मी खाली अंथरलेली होते. मला सगळं दिसलं. पण गोधडीला नुसते कान आणि डोळे असून काय उपयोग?

गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन गेली. दिवस दमट होते.

आठवडा उलटला असेल. वैशालीनं मोबाइल उघडला. मग तिनं मोठ्यानं वाचलं, “गोधडीतून मुंग्या निघाल्या. माझ्या बाळाच्या मांड्यांवर, पाठीवर चावे आहेत. कुणीही यांच्याकडून काही घेऊ नका.” खाली फोटो होता. इवल्याशा पाठीवर लाल लाल गांधी उठल्या होत्या.

दीपमालानं फोटो बघितला आणि तोंड फिरवलं. गोजराबाईंनी बघितलाच नाही.

“आपल्यात मुंग्या लागण्यासारखं काय असतंय?” वैशाली तावातावानं म्हणाली. “चार दानं तांदळाचं. तांदळाला कुटं मुंग्या लागत्यात? कुरिअरच्या गोदामात लागल्या असतील. तसंच लिहिते.”

तिनं तसं लिहिलं. मनापासून लिहिलं, कारण तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवाल्यांनी दुकानाचं पान बंद केलं. तपासणी होईपर्यंत, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या साड्या आमच्याकडं होत्या ते एकामागून एक फोन करू लागले, शिवू नका, आहेत तशा परत पाठवा. कुरिअरवाला आता साड्या घेऊन जायला येऊ लागला.

“आता काय बाई, पुन्हा चिखलात,” दीपमाला आपला सुईदोरा कागदात गुंडाळत म्हणाली. “बरं झालं, लई वळणदार टाकं यायला लागलं हुतं. हात खराब व्हत चालला हुता माजा.” ती हसली. बाकी कुणी हसलं नाही. ओटा रिकामा झाला.

त्या दिवसांत सकाळच्या वंदनेला मी गोजराबाईंच्या मांडीखाली असायचे. पहिली तीन शीलं त्या नेहमीसारखी म्हणायच्या. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की त्यांचा आवाज विझायचा. ओठ हलायचे, पण शब्द फुटायचा नाही. पुढं पुढं त्यांनी जेवणही टाकलं. भूक नाही म्हणायच्या.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यांनी मला ओढून जवळ घेतलं, कातर घेतली आणि माझं पोट उसवलं. मित्रांनो, दुखलं मला. पण एकेक टाका त्या इतक्या जपून कापत होत्या की मला त्यांचीच कीव आली. आतून तांदळाचा भुगा तेवढा निघाला, पांढरा, कोरडा. तो त्यांनी तळहातावर घेतला.

“तुला काय झालं न्हाई गं कंदी,” त्या मला म्हणाल्या. “म्याच गूळ घातला. म्याच.”

वैशाली दारात उभी होती. ती कधी आली ते आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं.

“आत्या,” ती म्हणाली, “मी अख्ख्या जगाला सांगत बसले की आमच्यात काय नसतंय. आन तुमी गप ऱ्हायला?”

“लेकराला आजी न्हाई म्हनून गं…”

“म्हणून लेकराच्या अंगावर मुंग्या सोडल्या?”

शब्द बाहेर पडला आणि वैशालीनं स्वतःच ओठ चावला. भुगा गोजराबाईंच्या तळहातावर तसाच होता. तो कुठं ठेवावा हेही त्यांना सुचत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “फोन लाव तिला.”

“कशाला? आपलीच चूक म्हणलं तर दुकान कायमचं गेलं, आत्या. दीपमालाक्का, त्या सगळ्या बाया, कुटं जायच्या त्या?”

“लाव.”

फोन लागला. जान्हवीचा आवाज थंड होता. मागं बाळ कुरकुरत होतं. ते ऐकून गोजराबाईंनी एकदम डोळे मिटून घेतले.

“बाई, त्या मुंग्या कुरिअरच्या न्हाईत. माज्या हातच्या हायेत,” त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. पोट, घास, गूळ. एक शब्द चोरला नाही.

जान्हवी म्हणाली, “तुम्ही गोधडीत पोळी शिवलीत?”

“व्हय बाई.”

“डॉक्टरकडे धावत नेलं मी तिला. रडून रडून आवाज बसला होता तिचा.”

“व्हय बाई.”

“बाल्कनीत पिशवीत बांधून ठेवली आहे ती. उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येईल, तिच्यात जाईल.”

“तुज्या आईची लुगडी हायेत गं त्यात.”

“मला सांगताय?” जान्हवीचा आवाज फाटला. “म्हणून तर अजून टाकली गेली नाही माझ्याच्यानं.”

गोजराबाई फोनच्या आणखी जवळ सरकल्या. “टाकू नगं. मी येते. तुज्या म्होरं बसून उसवते, धुते, वाळवते, पुन्ना शिवते. लेकराच्या अंगावर घालू नगंस हवं तर. नुसती ठिव घरात.”

“सगळे असंच म्हणतात. बघतो, करतो. येत कुणीच नाही.”

“गाडीच्या आदी येते.”

जान्हवी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. फोन बंद झाला.

वैशालीनं आधीचं म्हणणं मागं घेतलं आणि अ‍ॅपवाल्यांना खरं काय ते लिहून कळवलं. त्यांचं उत्तर काही आलं नाही. येईल की नाही, कुणाला ठाऊक. दुकान अजून बंदच आहे.

मित्रांनो, माझं पोटही उसवलेलंच आहे. मी इथं खाटेच्या पायथ्याशी घडी होऊन पडले आहे, आणि तुमच्याकडं एवढंच मागते. घरात जुनी गोधडी असेल तर तिला ओल लागू देऊ नका. अधूनमधून ऊन दाखवा, झटका, उलटून पाहा. जीव लावून दिलेली वस्तूही अंगाला बाधू शकते, म्हणून ती दुसऱ्याच्या हाती देताना आत काय आहे ते सांगून द्या. आणि हातानं केलेल्या वस्तूत खोट निघाली, तर ती फेकण्याआधी त्या हातांना एकदा हाक मारून बघा.

आज पहाटे रत्नदीप अंथरुणातूनच म्हणाला होता, “आई, थांब जरा, आवरतो. जीपनं सोडतो.” आणि तो पुन्हा झोपी गेला. गोजराबाईंनी त्याला उठवलं नाही. वैशालीलाही नाही. त्या आजवर वाटेतल्या पौडच्या पलीकडं एकट्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीत कातर, सुया, दोऱ्याची गुंडी आणि साबणाची वडी घातली. पदर डोक्यावर घेतला. बाहेर अजून धुकं होतं. त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि भुकूमला जाणाऱ्या पहिल्या एसटीसाठी त्या फाट्याकडं चालू लागल्या.