सरदाराची जखम

समुद्रावर शरद उतरला होता. फिकट, फेनधवल, थकलेला शरद. डोंगरउतारांवरची जांभळी फुलं करपून गेली होती, आणि दगडी घरांवर चुलींचा निळा धूर ओल्या वाऱ्याने खाली दाबून धरला होता.

स्कॉटलंडच्या एका वाऱ्याने झोडपलेल्या बेटावर गिलेस्पीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांचं. बापाने लेकाला मुळ्या ओळखायला शिकवावं, लेकाने नातवाला. गिलेस्पी त्याहून दूर गेला. फ्रान्समध्ये लॅटिन शिकला, उघडलेल्या देहांतले रक्तमार्ग निरखून आला. एडिनबरोत मानाची जागा मिळत होती, तरी तो बेटावर परतला. घराण्याची जमीन टोळीच्या सरदाराने दिलेली, आणि तिची अट एकच: सरदाराचा देह वैद्याने राखायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याने तो राखला. रोरी सरदाराच्या मांडीत बंदुकीची गोळी सडत होती. बाहेर हिमशुभ्र मौन, आत ज्वराचा लालभडक श्वास. गिलेस्पी मद्याने जखम धुवायचा आणि त्याचा तरणाताठा मुलगा यूअन पट्ट्या बांधायचा.

"बाबा, सरदार वाचले तर श्रेय कुणाचं?"

"देवाचं."

"आणि गेले तर?"

"तुझं. पट्टी सैल बांधलीस."

दोघे हसले होते. त्या हसण्याने खोली उजळली होती.

वसंतात सरदार उठला. बऱ्या झालेल्या पायाने रिकिबीत उभा राहिला आणि शेजारच्या टोळीवर चालून जायला त्याने घराघरातून माणूस मागितला. वैद्याच्या घरातूनही.

यूअन गेला. परत आला नाही. एका काळ्या, अथांग दलदलीने त्याला पोटात घेतलं.

आणि आज, या फिकट दुपारी, माणसांनी सरदाराला उचलून वैद्याच्या दारात आणलं. जुनी जखम पुन्हा फुटली होती. घोंगडीतून रक्त ठिबकत होतं.

"गिलेस्पी, तुझ्याशिवाय कोण आहे रे मला?"

चुलीपाशी बसलेली मोराग उठली. नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या हाताला गुण आहे. त्या गुणानंच माझं पोर खाल्लं. आज तरी हात आवरा."

तिचं खोटं नव्हतं. विष नको, शस्त्र नको. नुसता उशीर पुरे होता. थोडं थांबलं की ती लाल धार सरदाराचा जीव घेऊनच सुकणार होती.

गिलेस्पी थांबला. वारा थांबला. मग त्याचे गुडघे वाकले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हात त्याच्या हातांतून पुढे झाले. त्याने जखम दाबली, धुतली, शिवली. मद्यात त्याची आसवं पडत राहिली. मोराग भिंतीकडे तोंड करून बसली; ती पुन्हा वळली नाही.

रक्त थांबलं. गिलेस्पीने सरदाराच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी आधी अस्पष्ट, मग मंद, मग ठाम. ठाम, आणखी ठाम. आणि त्या तालात त्याला पुढल्या वसंतातली पावलं ऐकू आली, डोंगर उतरणारी, कोवळी, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांची पावलं, त्याच्याच बोटांखालून चालत निघालेली.

त्याने बोटं काढली नाहीत.